व्हीक्यूईचं सर्किट रेणू बघून रचावं की मशीन बघून?

कोन_थीटा: व्हीक्यूई म्हणजे क्वांटम सर्किटमधले कोन बदलत रेणूची किमान ऊर्जा शोधायची पद्धत. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टांत त्यासाठी हल्ली एकच साचा दिसतो. प्रत्येक क्यूबिटवर (क्वांटम बिटवर) आर-वाय हे कोनाने फिरवणारं गेट, मग क्यूबिटांच्या जोड्या बांधणाऱ्या सीनॉट गेटांची साखळी, असे तीन-चार थर, की झालं सर्किट. रेणू कोणताही असो. माझ्या मते हा निव्वळ आळस आहे. हायड्रोजनचा रेणू घ्या. सर्वांत लहान बेसिसमध्ये इलेक्ट्रॉनांच्या 4 जागा, जागेला एक क्यूबिट (1 म्हणजे भरलेली, 0 म्हणजे रिकामी), म्हणजे 16 अवस्था. त्यातल्या 6 अवस्थांतच दोन इलेक्ट्रॉन असतात, आणि सममिती लावली की उत्तर 0011 आणि 1100 या दोघींच्या मिश्रणात मिळतं. एक कोन पुरे! तीन थर आणि शेवटी आर-वायची आणखी एक ओळ अशा साच्यात मात्र कोन 16, आणि इलेक्ट्रॉनांची संख्या राखायचं बंधनच नाही. कोन सुधारत नेणारा ऑप्टिमायझर बिचारा एक नि तीन इलेक्ट्रॉनांच्या गल्ल्यांतही फिरून येतो.

थंडपेटी: कागदावर एक कोन, मान्य. मशीनवर उतरवा की तो. यूसीसी, म्हणजे रसायनशास्त्रातून आलेली रचना; तिच्यात दोन इलेक्ट्रॉन एकदम वर उचलणाऱ्या एका डबल एक्सायटेशनचे 8 पाउली-स्ट्रिंग (सर्किटचे तुकडे), प्रत्येकाला 6 सीनॉट, झाले 48. प्रत्येक गेटमागे चूक वाढते, एवढ्या गोंगाटात उरतं काय? 2017 मध्ये आयबीएमच्या कांडाला आणि मंडळींनी 6 क्यूबिटवर बेरिलियम हायड्राइडपर्यंत मजल मारली, ती चिपला झेपेल अशाच सर्किटच्या जोरावर.

कोन_थीटा: 48 हा पुस्तकी हिशेब झाला. 0011 पासून निघालात तर त्या 8 पैकी एकच स्ट्रिंग पुरते. 6 सीनॉट. हे रेणूकडे बघितल्यावरच सुचतं ना?

थंडपेटी: हायड्रोजनला चालेल हो. लिथियम हायड्राइडला एक स्ट्रिंग घेऊन बसा, मग बोलू.

कोन_थीटा: बरं, मग तुमचे थर वाढवत न्या. मॅक्लीन आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्येच दाखवलंय की खोल सर्किट रँडम कोनांनी सुरू केलं, तर क्यूबिट वाढतील तसा ग्रेडियंट (कोन बदलल्यावर दिसणारा उतार) घातांकी वेगाने शून्याकडे जातो. बॅरन प्लॅटो, म्हणजे ओसाड पठार, म्हणतात तो हाच.

थंडपेटी: 'रँडम' आणि 'खोल' हे दोन शब्द सगळे सोयीने गाळतात. सुरुवातीला सर्किटचे तुकडे मिळून आयडेंटिटी होतील, म्हणजे काहीच बदलणार नाही, असे कोन निवडा, किंवा थर कमी ठेवून एक-दोन क्यूबिटांपुरता स्थानिक कॉस्ट (कमी करायचा आकडा) घ्या. पठार टळतं.

सिग्मा_ताई: भांडणात अ‍ॅडॅप्ट-व्हीक्यूई कुणालाच आठवला नाही का? 2019 चा आहे. ज्या ऑपरेटरचा (सर्किटच्या तुकड्याचा) ग्रेडियंट सर्वांत मोठा तो जोडायचा, कोन पुन्हा बसवायचे, पुढचा शोधायचा. सर्किट आटोपशीर राहतं. मोजमापांचं बिल मात्र जबर, कारण दर फेरीला ऑपरेटरांचा अख्खा साठा तपासायचा.

आणि थंडपेटी, तुमच्या स्थानिक कॉस्टवर एक खडा टाकते. सेरेझो आणि इतरांनी 2023 मध्ये विचारलं होतं, की पठार नाही असं जिथे सिद्ध होतं, ती बरीचशी सर्किटं साध्या संगणकावरच सिम्युलेट होतात की काय? तसं असेल तर क्वांटम चिप थंड ठेवणारा क्रायोस्टॅट कशाला चालवायचा?

थंडपेटी: ते सरसकट सिद्ध झालेलं नाही, हे त्याच पेपरात आहे. हुशारीने निवडलेल्या सुरुवातीच्या कोनांना वाट मोकळी ठेवलीय त्यांनी.

कोन_थीटा: आणि ती हुशारी येणार कुठून? हार्ट्री-फॉकमधूनच, म्हणजे रेणूच्या नेहमीच्या अंदाजी गणितातूनच ना!