नागपूर सोडून परदेशी गेलेल्यांनो, पहिलं वर्ष कसं निघालं?

माझा भाचा येत्या सप्टेंबरात नोकरीसाठी जर्मनीला निघतोय. घरात सध्या दोन प्रकारचे सल्लागार आहेत. एक म्हणतात, गरम कपडे इतवारीतून घे, तिकडे महाग पडतात. दुसरे म्हणतात, काही नेऊ नको, तिकडे सगळं मिळतं. दोन्ही बाजूंचं कोणीही परदेशात पंधरा दिवसांच्या टूरपेक्षा जास्त राहिलेलं नाही. मी स्वतः डब्लिनला नोकरी करून परतलेली, पण आयर्लंडचा अनुभव जर्मनीत किती कामाचा? म्हणून तुम्हा सगळ्यांना विचारते आहे.

अट एकच. बर्फातले फोटो आणि आईच्या हातच्या पोळीची आठवण नको, ती आम्हाला पाठ आहे. कुठे अडलात, कोणत्या कागदाने अडवलं, पैसे कुठे अडकले आणि माणसं कशी भेटली, तेवढं सांगा.

सुरुवात माझ्यापासून. माझं घोडं घरावर अडलं. क्रिटिकल स्किल्स परमिट, म्हणजे तिथला कामाचा परवाना, हातात, ऑफर लेटर हातात, तरी खोली मिळेना. एक खोली बघायला गेलं की जिन्यापासून फुटपाथपर्यंत रांग. त्यात घरमालक आधीच्या घरमालकाचं शिफारसपत्र मागणार. मी लग्नाआधीची, जन्मभर त्रिमूर्तीनगरात राहिलेली. माझे आधीचे घरमालक म्हणजे बाबा! शेवटी कंपनीच्या एचआरने पत्र दिलं ते चाललं. पत्त्याचा पुरावा नाही म्हणून पीपीएस नंबर, म्हणजे टॅक्ससाठी लागणारा सरकारी नंबर, नाही, आणि तो नाही म्हणून पगारातून इमर्जन्सी टॅक्स. नंबर आल्यावर जास्तीचे पैसे परत मिळतात, पण तोवरचं भाडं घरून मागवावं लागलं. चार-पाच महिन्यांचा खर्च सोबत असू द्या, हे मी सगळ्यांना सांगते. आता तुम्ही बोला.

स्टुटगार्ट, मूळ प्रतापनगर

मावशी, भाच्याला सगळ्यात आधी हे सांगा: राहायला गेल्याबरोबर पत्रपेटीवर आपलं आडनाव लावायचं. जर्मनीत बहुतेक इमारतींत फ्लॅट नंबर नसतोच. पोस्टमन आडनाव पाहून पत्र टाकतो, नाव दिसलं नाही की पत्र परत. आणि इथे सगळं पत्रानेच येते. बँक कार्डाचा पिन, विम्याचं कार्ड, टॅक्स नंबर, सगळं. मी गेलो तेव्हा पेटीवर आधीच्या भाडेकरूचं नाव होतं. पिनचं पत्र परत गेलं, कार्ड खिशात आणि पैसे बँकेत. मग वहीच्या कागदाची पट्टी कापली, वर सेलोटेप मारली. आपली आडनावं लांबलचक, पट्टी पेटीच्या बाहेर आली, ती दुमडून चिकटवली. तीच पट्टी बेलवरही लावली. दुसऱ्या आठवड्यापासून डाक सुरू.

मग पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत करायची असा कायदा आहे, आणि मोठ्या शहरात अपॉइंटमेंटच महिन्याने मिळते. घाबरायचं नाही, अपॉइंटमेंट मागितल्याचा पुरावा जपून ठेवायचा. घरमालकाच्या सहीचा एक कागद लागतो, तो किल्ल्या घेतानाच मागून घ्या. काही जण खोली देतात पण हा कागद देत नाहीत. असं घर कितीही स्वस्त असो, घेऊ नका. नोंदणी नाही तर टॅक्स नंबर नाही, आणि मग कंपनी सहाव्या वर्गाने टॅक्स कापू शकते, तो सगळ्यात जास्त.

जाहिरातीत 'काल्ट' भाडं असते. हीटिंग, पाणी, सफाई त्यावर वेगळं. अनामत तीन महिन्यांच्या काल्ट भाड्याच्या वर घेता येत नाही आणि ती तीन हप्त्यांत द्यायचा तुमचा हक्क आहे. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, एका तुर्की शेजाऱ्याने सांगितलं. रेडिओ-टीव्हीची वर्गणी, घरामागे महिन्याला १८.३६ युरो, टीव्ही असो नसो. पत्र येतेच.

आणि स्वयंपाकघर! बऱ्याच रिकाम्या फ्लॅटमध्ये ओटा नसतो, शेगडी नसते, सिंकसुद्धा नसते. भिंतीतून पाण्याचे दोन पाइप बाहेर आलेले, बस. जुना भाडेकरू ओटा उखडून सोबत घेऊन गेलेला असतो.

एक गंमत सांगतो. थंडीची सगळ्यांनी भीती घातली होती, मला त्रास झाला उन्हाळ्याचा. छपराखालची खोली, बाहेर ३५ अंश, आत पंखा नाही, कूलर नाही. खिडकीला ओली चादर बांधून बसलो. ऑफिसातले म्हणाले, तू तर भारतातला! बाप्पा, भारतात मे महिन्यात दुपारी कोण बाहेर पडते? कूलरमध्ये पाणी टाकतो अन् झोपतो.

शारजा, मूळ कामठी रोड

भाऊ, हे सगळे शिकल्या-सवरल्यांचे प्रॉब्लेम झाले. मी साइट सुपरवायझर. आमचं अडते ते एजंटजवळ. एक लाख, दीड लाख मागतात, पोरं शेतीचा तुकडा गहाण टाकून देतात. सरकारी नियमाने नोंदणीकृत एजंटला ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, इतकंच घेता येते. एजंट नोंदणीकृत आहे का ते सरकारच्या ईमायग्रेट साइटवर नाव टाकून पाहता येते. टूरिस्ट व्हिसावर चल, तिथे गेल्यावर बदलून देतो, असं म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. दहावी झालेली नसेल तर पासपोर्टवर ईसीआर असते, त्याला सरकारची एमिग्रेशनची, म्हणजे कामासाठी देश सोडण्याची, मंजुरी लागते; ती टाळायला कोणी शॉर्टकट सांगत असेल तर तो तुम्हाला बुडवून राहिला.

डिग्री-डिप्लोमा असेल तर त्याचं अटेस्टेशन निघण्याआधीच करा. राज्य सरकार, मग परराष्ट्र मंत्रालय, मग दूतावास, हा क्रम. इथे येऊन करतो म्हटलं तर कागद कुरिअरने फिरत राहतात अन् तुम्ही हेल्परच्या पगारावर.

पासपोर्ट कंपनीने ठेवून घेणं इथेही बेकायदा आहे. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम बंद, हा कायदा आहे आणि तपासणीही होते. बेसिक पगार किती ते करारात नीट वाचा, कारण ग्रॅच्युइटी बेसिकवर निघते: पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला २१ दिवसांचा पगार. भत्ते फुगवून बेसिक कमी दाखवला की तुमचं नुकसान नोकरी सोडताना कळते.

एक नागपुरी इशारा. घरून सावजी मसाला आणायचा तर त्यात खसखस नको. यूएईत खसखस अमली पदार्थात मोडते. अख्खी नको, वाटलेली नको, मसाल्यात मिसळलेली नको. माझ्या रूममेटची आई नेमका खसखस घालून मसाला करून देऊन राहिली होती. मी फोनवर हात जोडले.

बाकी शारजाचं विमान नागपूरहून थेट आहे, मुंबईला जाऊन रात्र काढावी लागत नाही. घरी कोणी गेलं तर दुसऱ्या दिवशी पोचता येते. याची किंमत डॅलसवाल्यांना विचारा.

डॅलस, मूळ धरमपेठ

विचारा ना! वडिलांची बायपास होती आणि मी जाऊ शकले नाही. विमानाचं सोडा, व्हिसाचा शिक्का संपलेला. बाहेर गेले असते तर परत यायला मुंबईच्या वकिलातीत मुलाखत, आणि तारीख कधी मिळेल त्याचा भरवसा नाही. अमेरिकेत 'सेटल' होणं हा शब्द मी वापरत नाही. एमएस झालं, मग ओपीटीचे, म्हणजे शिकून झाल्यावर काम करायच्या परवानगीचे, १२ महिने, विज्ञान-तंत्रज्ञानाची (स्टेम) पदवी असल्याने वर २४. ओपीटीत नोकरीविना एकूण ९० दिवस काढता येतात, त्यानंतर स्टेटस धोक्यात. मग मार्चमध्ये एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची लॉटरी: ६५,००० जागा आणि अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी वर २०,०००. मला मिळाला. माझ्याच बॅचची, माझ्यापेक्षा हुशार मुलगी तीनदा रांगेत राहून कॅनडाला गेली. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर १ लाख डॉलरची घोषणा झाली, तेव्हा भारतात सुट्टीवर असलेले लोक रातोरात विमानं पकडून परतले. नंतर खुलासा आला की आधीच व्हिसा असलेल्यांना ते लागू नाही. पण ती रात्र लागू झालीच होती.

नव्याने येणाऱ्यांनी एवढं करा: क्रेडिट हिस्टरी पहिल्या महिन्यापासून बांधायला घ्या. अनामत भरून मिळणारं सिक्युअर्ड कार्ड घ्या, किराणा त्यावर टाका, बिल तारखेच्या आत पूर्ण भरा. इथे कर्ज न घेतलेला माणूस भरवशाचा मानत नाहीत. माझ्या बाबांना हे अजून पटलेलं नाही, ते म्हणतात उधारी नसणं हीच आपली पत.

आणि पहिल्या वर्षी मराठी मंडळात जाऊ नका. रागावू नका. गेलात की शनिवार-रविवार तिथेच जातात, आणि इथली माणसं ओळखायची राहतात ती राहतातच.

न्यू जर्सी, मूळ महाल

वरच्या ताईंशी पूर्ण असहमत. माझी नोकरी गेली तेव्हा रेझ्युमे पुढे सरकवला तो मंडळाच्या गणपतीत भेटलेल्या माणसाने. ज्या दिवशी तुम्हाला ताप येतो त्या दिवशी इथली माणसं 'गेट वेल सून' पाठवतात, आपली माणसं वरण-भात घेऊन येतात. मला दोन्ही हवं होतं. आम्ही चार घरं मिळून पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांना मारबतीची, म्हणजे नागपुरात मिरवणूक निघते त्या पुतळ्याची, गोष्ट सांगतो आणि 'इडा पिडा, घेऊन जा गे मारबत' ओरडायला लावतो. घरामागच्या अंगणात ओरडतो, पुढे नाही, पोलीस येतील.

तोक्यो, मूळ जरीपटका

जपान म्हणजे आमच्या भागात काही परका देश नव्हता. भदंत सुरई ससाई जपानहून येऊन नागपूरचेच झाले, आणि कामठीचा ड्रॅगन पॅलेस बुद्धविहार १९९९ पासून जपानी देणगीतून उभा आहे. इथे ऑफिसात हे सांगितलं तर कोणालाच माहीत नव्हतं. मग कोयासान विद्यापीठातल्या बाबासाहेबांच्या पुतळ्याचा फोटो दाखवला, २०१५ ला बसवलेला. तेव्हापासून आमचे साहेब माझ्याशी कामाबाहेरचं बोलायला लागले.

अडचणी दोन. परदेशी माणसाला घर द्यायला बरेच मालक तोंडावर नाही म्हणतात. हमी देणारी कंपनी पैसे भरून मध्ये घ्यावी लागते, आणि काही घरांना 'रेइकिन' लागतं, म्हणजे मालकाला द्यायची रक्कम, जी कधीच परत मिळत नाही. दुसरी, कचरा. जळणारा, न जळणारा, प्लास्टिक, बाटल्या, प्रत्येकाचा वार वेगळा. चुकीच्या वारी ठेवलेली पिशवी लाल स्टिकर लावून तिथेच राहते, आणि ती कोणाची हे सगळ्या इमारतीला ठाऊक असतं. शाकाहारी असाल तर साध्या भाजीच्या रस्स्यातही माशाचं दाशी, म्हणजे सार, असू शकतं, विचारून खा. निशी-कासाई भागात भारतीय खूप आहेत, तूरडाळ मिळते.

लंडन, मूळ इंदोरा

मी नर्स. आमची कॉम्प्युटरवरची परीक्षा भारतातच देता येते, पण प्रात्यक्षिक, म्हणजे ऑस्की, ब्रिटनमध्ये येऊनच. ती पास होईपर्यंत नर्स म्हणून नोंदणीचा नंबर (पिन) नाही आणि पगार खालच्या श्रेणीचा. आयसीयूत सात वर्षं काढलेल्या मुली यात अडकतात, कारण आपण काम हाताने करतो, तोंडाने बोलत नाही. इथे प्रत्येक पायरी बोलून दाखवायची. रुग्णाचं नाव आणि जन्मतारीख त्याच्याच तोंडून, मग मनगटावरची पट्टी जुळवायची, ॲलर्जी विचारायची, हात धुतले हेसुद्धा दिसलं पाहिजे. मी खोलीत उशीला पेशंट करून मोठ्याने बोलत असे. घरमालकीणबाई एकदा दार वाजवून विचारून गेल्या, सगळं ठीक ना.

डॉक्टरांना 'सर' म्हणणं सोडायला मात्र मला ऑस्कीपेक्षा जास्त वेळ लागला.

१४ एप्रिलला मी १०, किंग हेन्रीज रोडला गेले. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये त्या घरात राहत, २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतलं. इंदोऱ्याची पोर म्हणून जायचंच होतं. दारात रांगेत पुढे उभ्या बाई चंद्रपूरच्या निघाल्या. त्यांच्याच ओळखीने हॉस्पिटलजवळची खोली मिळाली, आधीच्या खोलीपासून मला नाइट ड्यूटीला दोन बस बदलाव्या लागत.

नरेंद्रनगर, नागपूर (आई)

मी कुठे गेले नाही, पण लिहिते. पोरगा टोरोंटोला. त्याचं इथलं सिम एका जुन्या फोनमध्ये घालून तो फोन टीव्हीच्या बाजूला कायम चार्जरला लावलेला आहे. आधार, बँक, पॅन, सगळ्यांचे ओटीपी त्याच्यावर. त्याची रात्र म्हणजे आमची सकाळ. हे फिरायला निघतात तेवढ्यात फोन येतो, आई, नंबर सांग लवकर. चष्मा सापडेपर्यंत ओटीपी संपलेला. पण फोन येतो हेही खरं.

निघण्याआधी सिमचा रिचार्ज कोण करणार ते ठरवा, नाहीतर नंबर बंद होऊन दुसऱ्याला जातो. परदेशी नोकरीला गेल्यावर साधं बचत खातं तसंच चालवता येत नाही, ते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं खातं, करावं लागते. तिकडून पाठवायच्या पैशासाठी एनआरई, त्याच्या व्याजावर इथे टॅक्स नाही. आम्ही हे तो गेल्यावर केलं, कागद सहीसाठी कॅनडाला जाऊन आले. पोरगा घरी असतानाच बँकेत घेऊन जा.

(धागा काढणारी)

भाच्याने सगळं वाचलं. त्याचे दोन प्रश्न: ऑफिसासाठी संत्रा बर्फी नेली तर चालेल का, आणि ऑफिसात सगळे इंग्रजी बोलतात म्हणे, मग जर्मन शिकायची घाई काय?

स्टुटगार्ट

खव्याची बर्फी नको. भारतातून युरोपियन युनियनमध्ये दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानात आणता येत नाहीत, सापडले तर फेकतात. मसाला, तिखट, पापड आण.

ऑफिसात इंग्रजी चालेल. परदेशी लोकांच्या कचेरीत, डॉक्टरच्या रिसेप्शनवर आणि घरमालकाच्या फोनवर चालणार नाही. हिशेब पण सांगतो: ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षितांच्या कामाच्या परवान्यावर, बी१ पातळीची जर्मन असेल तर २१ महिन्यांत कायम वास्तव्य मागता येते, नुसतं ए१, म्हणजे सगळ्यात खालची पातळी, असेल तर २७. ए२ नागपुरातच संपव, इथे दिवसभर काम करून संध्याकाळी वर्गात डोळे मिटतात. आणि पहिले सहा महिने प्रोबेशन असते, तोवर दोन वर्षांचा इंटरनेटचा करार आणि नवा ओटा, दोन्ही घेऊ नको.