हीथ्रोच्या टॉवरचं बोलणं स्कॅनरवर ऐकलं तर चालतं का?

प्रश्न: बाबा सांगलीहून दोन महिन्यांसाठी लंडनच्या हीथ्रो विमानतळाशेजारच्या हाउन्सलोला आलेत. मर्टल अव्हेन्यूच्या हिरवळीवर विमानं इतकी खालून जातात की चाकांवरचे चट्टे दिसतात. काल शेजारच्या माणसाने त्यांच्या कानाशी स्कॅनर, म्हणजे वैमानिक आणि नियंत्रण टॉवरचं बोलणं पकडणारा रेडिओ, धरला. ‘क्लिअर्ड टू लँड’ ऐकून बाबा हरखले! त्यांना एक घेऊन द्यायचाय, पण व्हिसावर आलेल्या माणसामागे लचांड नको.

उत्तर १: स्कॅनर विकत घेणं गुन्हा नाही. ऐकणं मात्र ब्रिटनच्या २००६ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्याच्या कलम ४८ मध्ये अडकतं. आपल्यासाठी नसलेला संदेश मुद्दाम ऐकणं आणि त्यातला मजकूर दुसऱ्याला सांगणं, दोन्ही गुन्हे. टॉवरही त्यातच आला.

उत्तर २: कुंपणाशी कितीतरी जण उघड ऐकत बसतात, हे खरं. पण म्हणून ते कायदेशीर होत नाही. टॉवरचं बोलणं इंटरनेटवर ऐकवणाऱ्या लाइव्हएटीसी या साइटवरही ब्रिटनचे विमानतळ याचमुळे नाहीत. अमेरिकेतले आहेत, तिथे चालतं.

प्रश्नकर्ता: मग बाबांना काहीच ऐकता येणार नाही?

उत्तर १: येईल की. हौशी रेडिओ, सीबी (सर्वसामान्यांसाठीचा संवादाचा रेडिओ), हवामानाची प्रसारणं यांना मुभा आहे. वैमानिकांसाठीचं व्हॉल्मेट हे हवामानाचं प्रसारण लावून द्या, विमानतळांवरचा वारा आणि ढगांची उंची ओळीने सांगतात.