दानपत्र बनावट होतं, तरी भिंतीवर का रंगवलं?

चित्रवेडी: नुकतीच व्हॅटिकन पाहून आले. चित्रकार राफाएलच्या नावाच्या दालनांतलं सगळ्यात मोठं ते रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनचं. तिथे एका भिंतीवर सम्राट गुडघे टेकून पोप सिल्वेस्टरच्या हाती रोमची सोन्याची छोटी मूर्ती देतोय, म्हणजे रोमची सत्ताच पोपला बहाल! पण ज्या दस्तावर हा दावा उभा होता, ते कॉन्स्टंटाइनचं दानपत्र बनावट असल्याचं इटालियन विद्वान लोरेंझो वाल्लाने १४४० मध्येच दाखवलं होतं ना? चित्र तर १५२०–२४ मधलं. मग ते का रंगवून घेतलं असेल?

दफ्तरवाला: ताई, प्रश्न मर्मावर आहे. दानपत्र रचलं गेलं आठव्या शतकात. वाल्ला नेपल्सच्या आल्फोन्सो राजाच्या पदरी होता आणि आल्फोन्सोचं पोपशी वैर होतं, हे खरं. पण त्याचे मुद्दे पक्के होते. दानपत्र ज्या काळचं म्हणवतं, तेव्हा कॉन्स्टँटिनोपलचं धर्मपीठ अजून झालंच नव्हतं, तरी दानपत्रात त्याचा उल्लेख! १५२० मध्ये पोपविरुद्ध उभ्या राहिलेल्या धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने वाल्लाचं लेखन वाचलं आणि तो खवळला. म्हणजे भिंत रंगत होती तेव्हाच वाद पेटला होता. माझ्या मते म्हणूनच ती रंगवली. या दालनात समारंभ होत, राजांचे वकील येत. दावा त्यांच्या डोळ्यांसमोर राहायला हवा होता. सिल्वेस्टरला तर चेहराच तेव्हाच्या पोपचा, सातव्या क्लेमेंटचा दिलाय.

मला मात्र त्यातली वास्तू फार मोलाची वाटते. प्रसंग घडतो जुन्या सेंट पीटर्समध्ये. ते चर्च खरोखरच कॉन्स्टंटाइनने बांधवलं होतं, आणि १५०६ पासून नव्या बांधकामासाठी ते पाडलं जात होतं. ते पिळाचे खांब नीट पाहिलेत का? जुनं चर्च आतून कसं होतं, याचा हे चित्र मोठा पुरावा आहे.

गिलावा: राफाएल एप्रिल १५२० मध्येच गेला. हे काम जुलिओ रोमानो आणि पेन्नी या शिष्यांचं. राफाएलला भिंती तेलरंगात करायच्या होत्या. त्यासाठी खिळे ठोकून राळेचा थरही दिला होता. शिष्य पुढे ओल्या गिलाव्यावरच्या रंगकामाकडे वळले. न्याय आणि सौजन्य या दोन स्त्रीमूर्ती तेवढ्या तेलरंगात आहेत. पुन्हा गेलात तर त्या जरूर शोधा.

चित्रवेडी: खांब पाहिले, पण घाईत. १५२७ मध्ये सम्राट पाचव्या कार्लच्या सैन्याने रोम लुटलं, तेव्हाचा पोप हाच ना?

दफ्तरवाला: हाच. सांत आंजेलोच्या किल्ल्यात अडकून पडला होता. आणि १५३० मध्ये बोलोन्यात त्यानेच कार्लच्या डोक्यावर मुकुट ठेवला. पवित्र रोमन सम्राटाचा पोपच्या हातून झालेला तो शेवटचा राज्याभिषेक.