सरकारी कंपनीत अनुभवी माणूस जाणं ही रिस्क धरतात का?

एमबीएचा प्रोजेक्ट करतोय, सरकारी कंपन्यांचं बौद्धिक भांडवल (म्हणजे माणसांचं ज्ञान, अनुभव), रिस्क मॅनेजमेंट आणि कामगिरी असा विषय आहे. रिस्क रजिस्टरमध्ये, म्हणजे कंपनीच्या धोक्यांच्या यादीत, पैसा, कोर्टकेस, आग सगळं दिसतं, पण जुनी माणसं रिटायर होतात ते कुठेच नाही, असं का?

उत्तर १: बीएसएनएल बघ. ३१ जानेवारी २०२० ला एकदम ७८ हजारांवर लोक व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) घेऊन गेले. पगाराचा बोजा उतरला हे खरंय, पण कुठली केबल कुठल्या गटाराजवळून गेलीय, जॉइंट कुठे आहे हे अशाच लोकांच्या डोक्यात असतं आणि ताळेबंदात ते येतच नाही, मग वरच्यांना दिसणार कसं?

उत्तर २: पटलं, पण नुसत्या अनुभवावर पण सोडू नका. २७ जुलै २००५ ला मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्रात ओएनजीसीच्या प्लॅटफॉर्मच्या रायझरला (तेल-वायू वर आणणाऱ्या पाइपला) जहाज धडकलं, आग लागली, २२ जण गेले. कुठल्या परिस्थितीत जहाज जवळ आणायचं नाही हे लेखीच हवं.

उत्तर ३: मी सबस्टेशनला आहे. रिलेचं (बिघाड झाला की लाइन बंद करायला लावणाऱ्या यंत्राचं) सेटिंग का बदललं ते लॉगबुकात बऱ्याचदा नसतं, जुन्या ऑपरेटरलाच विचारावं लागतं, म्हणून रिटायरमेंटआधी नवा पोरगा जोडीला द्या म्हणून आम्ही मागे लागलोय. तू एचआरकडून एवढंच काढ, ५ वर्षांत कोण जाणार आणि त्याच्या जागी तयार कोण आहे.