म्हादई व्याघ्र क्षेत्र: आधी अधिसूचना की आधी जमिनीचे दावे?

पाणलोट: २४ जुलै २०२३ ला उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने सरकारला बजावलं होतं, सत्तरी तालुक्यातलं म्हादई अभयारण्य आणि लगतचं जंगल तीन महिन्यांत व्याघ्र क्षेत्र म्हणून अधिसूचित करा. सरकार उलट सर्वोच्च न्यायालयात गेलं. अभयारण्य १९९९ पासून आहे. तरी २०२० च्या जानेवारीत गोळावलीच्या रानात चार वाघ विषाने मेले. नुसत्या अभयारण्याच्या पाटीने रान राखलं जात नाही. व्याघ्र क्षेत्राला संवर्धन आराखडा सक्तीचा, केंद्राचा निधी, शिवाय म्हादई नदीचं पाणी वळवायला निघालेल्या कर्नाटकापुढे आणखी एक अडसर. अधिसूचना आत्ताच निघायला हवी.

सत्तरीकर: पाण्यासाठी वाघाला पुढे करू नका. अभयारण्यातलं पाणी वळवायला वन्यजीव कायद्याचं कलम २९ आजही आड येतं, गोव्याने ते वापरलंही आहे.

आमचं बोला. मार्च-एप्रिलात उजाडायच्या आत बागेत जायचं, झाडाखाली पडलेले काजूचे बोंडू वेचायचे, बी पिरगळून काढायची, रस भट्टीवर चढवायचा. घरातला वर्षाचा पैसा त्याच दिवसांत येतो. बाग आजोबांनी लावली, पण नावावर कागद नाही. आल्वारा आणि मोकासो या पोर्तुगीज काळातल्या जमीन-प्रकारांचा गुंता पोर्तुगीज गेले तरी सुटलेला नाही. गाभा क्षेत्राची, म्हणजे वाघासाठी राखलेल्या आतल्या भागाची, रेघ बागेतून गेली तर आम्ही अतिक्रमण करणारे ठरणार. वाघाने गाय मारली तर भरपाईसाठी खेटे घालायचे, ते वेगळंच.

पाणलोट: कागदाचं दुःख खरं आहे. पण त्याच निकालात वनहक्कांचे दावे बारा महिन्यांत निकाली काढा असंही म्हटलंय. वन्यजीव कायद्याच्या ‘३८ व्ही’ कलमानुसार गाभा ठरवताना वननिवासींच्या हक्कांना धक्का लावता येत नाही, आणि पुनर्वसन झालंच तर स्वेच्छेने, ग्रामसभेच्या संमतीने. बफरमध्ये, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्यात तर लोकांची उपजीविका गृहीतच धरलेली आहे.

रानवाट: सत्तरीतल्या बांबरची निरंकाराची देवराई कुठल्या कायद्याने राखली? गावाने, देवाच्या धाकाने.

पाणलोट: राई राखली, मान्य. पण वाघाला एक राई पुरत नाही. त्याची वाट कर्नाटकातल्या भीमगड अभयारण्यापर्यंत जाते, तिथे एका गावाचा धाक चालत नाही.

सत्तरीकर: कलमं छान आहेत, पण अंमलबजावणी त्याच कचेरीतून होणार जिथे आमचे दावे धूळ खात पडलेत. नकाशा ग्रामसभेत आणा, कोणाची बाग गाभ्यात येते ते सर्व्हे नंबरासकट सांगा, जमिनीचे पट्टे हातात द्या. मग अधिसूचनेला माझा विरोध नाही. वाघाशी आमचं वैर नाही हो, आमच्याकडे तो देव म्हणून पुजला जातो.

पाणलोट: मग दोन्ही मागण्या एकाच निवेदनात घालू: दाव्यांना तारीख आणि अधिसूचनेलाही तारीख. एकीच्या नावाखाली दुसरी लांबवलेली मला चालणार नाही.