मदत हवी आहे: बोर्डाच्या पेपर तपासणीच्या दिवसांत लिनोकटची छपाई कशी बसवावी?

नमस्कार मंडळी,

फेब्रुवारी-मार्चमध्ये पर्यवेक्षण आणि दहावीच्या उत्तरपत्रिका यांतून रोज जेमतेम पाऊण तास उरतो. पहाटेचा पेटीचा रियाज सोडायचा नाही. उरलेल्या वेळात दोन रंगांचा लिनोकट (लिनो म्हणजे लिनोलियमच्या ठोकळ्यावर चित्र कोरून, शाई लावून कागदावर घेतलेला ठसा) पूर्ण करायचा आहे: एकच ठोकळा, कोरत-छापत जायची पद्धत (पहिला रंग छापून तोच ठोकळा पुढे कोरायचा, मग दुसरा रंग छापायचा), ए-४ कागद, 12 प्रती.

कोरकाम तुकड्यांत जमतं. लिनो जुना, कडक असेल तर थोडा वेळ उन्हात ठेवला की पातं घसरत नाही.

अडतं ते छपाईपाशी. पाण्याची शाई या उन्हाळ्यात ती पसरायच्या काचेवरच सुकू लागते, रोलर चिकटतो आणि ठसा ठिपकेदार येतो. तेलाची शाई दम धरते, पण काच-रोलर आधी खाद्यतेलाने, मग साबणाने पुसण्यासकट दीड तास जातो. म्हणजे छपाई फक्त रविवारी.

दोन रंगांत तीन आठवड्यांचं अंतर पडलं, तर पहिला थर कडक, चकचकीत होतो आणि दुसरी शाई त्यावर धरत नाही. पहिला थर पातळ ठेवणं पुरेल, की शाईत मॅग्नेशियम कार्बोनेट (शाईचा चिकटपणा कमी करणारी पांढरी पूड) मिसळावं? किती? जास्त झालं तर शाई घट्ट होते, ही भीती आहेच. की सरळ दोन वेगळे ठोकळे कोरून ठेवावेत आणि दोन्ही रंग मे महिन्याच्या सुट्टीत लागोपाठ छापावेत? तसं केल्यास ठसे जुळवायला पुठ्ठ्याची चौकट पुरते, की कागद दरवेळी त्याच जागी अडकवणाऱ्या खुंट्या आणि पट्ट्याच लागतात?

ज्यांनी हे केलंय त्यांनी शाईचा प्रकार आणि दोन थरांतलं अंतर नक्की लिहा.