श्रवण-आकलन आणि वाचन-आकलन: गुणांतली तफावत विद्यार्थ्यांची की प्रश्नपत्रिकेची?

खडूफळा:

नमस्कार. मी उच्च माध्यमिक वर्गांना इंग्रजी शिकवते. अलीकडेच मी वर्गासाठी इंग्रजीच्या आकलनाची एक चाचणी स्वतः तयार करून घेतली. तिचे वाचन आणि श्रवण असे समान गुणांचे दोन भाग होते. वाचनाच्या भागात बहुतेकांना बरे गुण मिळाले, पण श्रवणाच्या भागात एरवी हुशार गणले जाणारे विद्यार्थीही निम्म्याच्या आतच राहिले.

चाचणी कशी घेतली ते सांगते. वाचनासाठी सुमारे ४०० शब्दांचा एक उतारा आणि त्यावर चार पर्यायांचे दहा प्रश्न होते. श्रवणासाठी तेवढ्याच लांबीचा मासिकातला एक लेख मी स्वतः सावकाश, स्पष्ट उच्चारांत वाचून ध्वनिमुद्रित केला, वर्गात एकदा ऐकवला आणि त्यानंतर प्रश्नपत्रिका वाटल्या. येथेही चार पर्यायांचे दहा प्रश्नच होते. नंतर अनेकांनी तक्रार केली की पर्याय वाचून होईपर्यंत ऐकलेले विसरून गेले होते. एका प्रश्नाने तर मला कोड्यात टाकले आहे: त्याचे उत्तर वर्गातल्या कच्च्या मुलांचे बरोबर आले आणि पक्क्या मुलांचे चुकले.

माझ्या विद्यार्थ्यांचे श्रवण खरोखरच इतके कमकुवत आहे, की चाचणीतच काही खोट आहे? पुढच्या वेळी दोन्ही भाग कसे रचावेत? आणि आकलनच तपासायचे असेल तर उत्तरे मातृभाषेत लिहू द्यावीत का?

कानोसा:

खडूफळाताई, खोट चाचणीत आहे, आणि ती आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येकाच्या हातून पहिल्या वेळी होतेच. तुम्ही विद्यार्थ्यांना बोललेले इंग्रजी ऐकवलेच नाही. छापलेले इंग्रजी मोठ्याने वाचून दाखवले. डोळ्यांसाठी लिहिलेल्या वाक्यात एका मुख्य वाक्याला दोन-तीन गौण वाक्ये लटकलेली असतात, एकेका ओळीत बरीच माहिती कोंबलेली असते, आणि वाचक अडला तर मागे जाऊन पुन्हा वाचेल हे लेखकाने गृहीत धरलेले असते. ऐकणाऱ्याला मागे जाता येत नाही. म्हणून माणूस बोलताना छोट्या तुकड्यांत बोलतो, तीच गोष्ट दुसऱ्या शब्दांत पुन्हा सांगतो, मध्येच थांबतो, ‘वेल’, ‘आय मीन’ म्हणून वेळ काढतो. हे थांबे आणि ही पुनरुक्ती म्हणजे बोलण्यातले दोष नव्हेत. ऐकणाऱ्याला श्वास घ्यायला जागा मिळते ती त्यांच्यामुळेच. लेख वाचून दाखवताना तुम्ही ती जागाच काढून घेतलीत, आणि सावकाश वाचल्याने ती परत येत नाही.

यावर सोपा उपाय असा की संहिता पूर्ण लिहूच नये. दोन सहकाऱ्यांना पाच-सहा मुद्द्यांची चिठ्ठी द्यावी आणि त्यांना त्यावर आपल्या शब्दांत बोलू द्यावे. उदाहरणार्थ, एकाला सहलीची तारीख बदलायची आहे आणि दुसऱ्याची तयारी नाही. ध्वनिमुद्रण आधी करावे आणि प्रश्न नंतर, तेही कागदावरची प्रत न पाहता, नुसते ऐकून काढावेत. प्रत समोर असली की आपण कानाला जाणवणारही नाहीत असे तपशील विचारतो.

दुसरी गोष्ट पर्यायांची. दहा प्रश्नांचे चाळीस पर्याय होतात. प्रत्येकी आठ शब्द धरले तरी ३२० शब्द झाले, आणि प्रश्नांचे शब्द वेगळेच. म्हणजे ४०० शब्द ऐकण्याच्या परीक्षेत तुम्ही जवळपास तितकेच शब्द वाचायला लावलेत, आणि तेही ऐकून झाल्यावर. यात श्रवणापेक्षा स्मरण आणि वाचनाचा वेग यांचीच तपासणी झाली. प्रश्न आधी वाटा, ते नजरेखालून घालायला एखादे मिनिट द्या, आणि उत्तरे ध्वनिमुद्रणात ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने प्रश्न ठेवा. दोन उत्तरांमध्ये काही सेकंदांचे अंतर नसेल, तर पहिले उत्तर लिहिण्याच्या गडबडीत दुसरे निसटते आणि ज्याला नीट ऐकू आले तोच तोट्यात जातो. शक्य असेल तिथे पर्याय टाळून तक्ता भरणे, नकाशावर खूण करणे किंवा चित्रांचा क्रम लावणे अशी कामे द्यावीत. पर्याय हवेच असतील तर तीन पुरतात. शैक्षणिक मापनाचे अभ्यासक मायकेल रॉड्रिग्ज यांनी ऐंशी वर्षांच्या संशोधनाचा एकत्रित आढावा घेऊन २००५ मध्ये हाच निष्कर्ष मांडला होता, आणि चौथा पर्याय बहुधा कोणीच निवडत नाही हा आपला रोजचाच अनुभव आहे. अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता २५ टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर जाते हे खरे, पण वाचलेल्या वेळात आणखी प्रश्न विचारता येतात.

एकदा ऐकवावे की दोनदा, यावर एकमत नाही. परदेशी शिक्षणासाठी अनेकजण देतात त्या आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेत ध्वनिमुद्रण एकदाच ऐकवतात. केंब्रिजच्या बी२ फर्स्ट या इंग्रजीच्याच परीक्षेत दोनदा. जपानच्या विद्यापीठ प्रवेशाच्या सामाईक परीक्षेत सुरुवातीचे भाग दोनदा आणि पुढचे एकदाच, असा मध्यम मार्ग आहे. वर्गातल्या चाचणीत बारीक तपशील विचारणार असाल तर दोनदा ऐकवावे, असे माझे मत आहे. एकूण प्रसंग कशाबद्दल आहे किंवा बोलणाऱ्याची मनःस्थिती काय आहे, हे मात्र एकदाच ऐकवून विचारावे.

तिसरापर्याय:

कानोसा यांचे म्हणणे मान्य आहे, पण मी एक पाऊल मागे जातो. मुळात दोन भागांच्या गुणांची अशी थेट तुलना करताच येत नाही. वाचनात जास्त गुण मिळाले ते विद्यार्थी चांगले वाचतात म्हणून, की वाचनाचे प्रश्न सोपे होते म्हणून, हे त्या आकड्यांवरून कळत नाही. तुमचा वाचनाचा उतारा एकदा झाकून ठेवा आणि तेच दहा प्रश्न उताऱ्याविना चार-पाच जणांना सोडवायला द्या. चार पर्यायांत निव्वळ अंदाजाने दहापैकी दोन-तीन यावेत. पाच-सहा आले तर तुमचे प्रश्न वाचन तपासतच नाहीत, सामान्य ज्ञान आणि तर्क तपासतात. समजा, दीपगृहावरचा उतारा आहे. ‘दीपगृहात रात्री दिवा का लावत?’ या प्रश्नासाठी उतारा वाचायची गरजच नाही. ‘रखवालदाराला वादळापेक्षा धुक्याची धास्ती अधिक का वाटे?’ या प्रश्नाला मात्र उताऱ्यात शिरल्यावाचून गत्यंतर नाही.

दुसरी पळवाट शब्द जुळवण्याची आहे. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा आणि तो ज्या वाक्यात आहे ते वाक्य उत्तर म्हणून उतरवायचे, ही युक्ती मुले फार लवकर शिकतात, आणि खरे सांगायचे तर आपणच त्यांना ती शिकवतो. योग्य पर्याय वेगळ्या शब्दांत मांडावा, आणि उताऱ्यातले शब्द चुकीच्या पर्यायांतही असू द्यावेत. याचा अतिरेक झाला तर मात्र प्रश्नाचा सापळा होतो, म्हणून हात जरा आखडता ठेवावा. मला स्वतःला संदर्भाचे प्रश्न आवडतात: बाराव्या ओळीतला ‘धिस’ कशाबद्दल आहे, ‘हाउएव्हर’ नंतर लेखकाने आधीचे कोणते विधान खोडले. प्रश्न लहान असतात, पण ज्याला परिच्छेद कळला नाही त्याला ते अंदाजाने सहसा सुटत नाहीत.

उताऱ्याच्या काठिण्याबद्दल एक आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. हू आणि नेशन या भाषा-अभ्यासकांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, कोणाच्याही मदतीशिवाय मजकूर पुरेसा समजायला त्यातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात. म्हणजे ४०० शब्दांच्या उताऱ्यात आठ अनोळखी शब्द चालतील. तीस असतील तर ती शब्दसंग्रहाची परीक्षा होईल. उतारा झेपेल का हे आधी पाहायचे असेल, तर त्यातला दर पाचवा शब्द गाळून मुलांना तो भरायला द्यावा. विल्सन टेलर यांनी १९५३ मध्ये ही क्लोज पद्धत मांडली ती मजकुराची सुगमता मोजण्यासाठीच. विद्यार्थ्यांना मोजायला ती नंतर वापरली जाऊ लागली.

आता तुमचा मूळ प्रश्न. कान खरोखर कच्चा आहे का हे पाहायचे असेल, तर सारख्या काठिण्याचे दोन मजकूर घ्या, आणि तेही बोलण्याच्या ढंगाचे. निम्म्या वर्गाने पहिला ऐकावा आणि दुसरा वाचावा; उरलेल्या निम्म्याने उलट करावे. प्रश्न सर्वांना तेच ठेवा. एवढे केल्यावरही श्रवणाचे गुण कमी आले, तरच त्या तफावतीला अर्थ आहे. आणि ते कमी येतील असाच माझा अंदाज आहे. मुलांनी इंग्रजी पुस्तकातून शिकलेले असते, त्यामुळे शब्द त्यांच्या डोळ्यांच्या ओळखीचा असतो, कानांच्या नसतो. ‘पुट इट ऑन’ हे तीन शब्द कागदावर सुटे दिसतात, पण कानावर ‘पुटिटॉन’ असा एकच गोळा येऊन आदळतो. ‘डिड यू’चे ‘डिजू’ होते. ‘कॅन’ आणि ‘कान्ट’ यांतला फरक पुष्कळदा शेवटच्या ‘ट’मध्ये नसतोच, तो स्वराच्या लांबीत आणि आघातात असतो. असा विद्यार्थी चुकला तर त्याला इंग्रजी येत नाही असे म्हणता येणार नाही. शब्दांच्या सीमा त्याला ऐकू येत नाहीत, इतकेच. हे तपासायला उतारा लागतही नाही, पाच-सहा छोट्या वाक्यांचे श्रुतलेखन पुरते.

कच्च्यांना सुटला आणि पक्क्यांना चुकला त्या प्रश्नाची भेदनक्षमता, म्हणजे तो पक्क्या आणि कच्च्या मुलांना किती वेगळे करतो ते, काढून पाहा. एकूण गुणांनुसार वरचे २७ टक्के आणि खालचे २७ टक्के विद्यार्थी घ्यावेत. ऐंशीच्या वर्गात ते जवळपास बावीस-बावीस होतात. वरच्या गटात १८ जणांचे उत्तर बरोबर आणि खालच्या गटात ७ जणांचे असेल, तर दोन्हींतला फरक ११, भागिले एका गटातले २२, म्हणजे ०.५; प्रश्न उत्तम आहे. आकडा शून्याच्या खाली गेला, तर बहुधा उत्तरसूची चुकलेली असते किंवा दोन पर्याय बरोबर असतात. हुशार मूल खोलात जाऊन दुसरा अर्थ काढते आणि फसते.

शिवाय एकाच उताऱ्यावर दहाही प्रश्न ठेवू नका. विषय ज्याच्या ओळखीचा निघाला त्याचे फावते. चार लहान मजकुरांवर तीन-तीन प्रश्न ठेवले, तर नशिबाचा वाटा कमी होतो.

मागचे_बाक:

मी शिक्षक नाही. अशा परीक्षा देऊन थोडीच वर्षे झाली आहेत. एका कानाने मला कमी ऐकू येते. एकदा श्रवणाच्या परीक्षेत मला शेवटच्या ओळीत बसवले होते आणि आवाजाचे एकच यंत्र फळ्याजवळ ठेवलेले होते. माझ्यापर्यंत शब्द पोहोचले नाहीत, फक्त चढउतार पोहोचले. त्या परीक्षेत मला इंग्रजीचे गुण मिळाले की बाकाचे, हे मला आजही सांगता येणार नाही. जपानमध्ये २००६ पासून श्रवणाच्या परीक्षेत प्रत्येक परीक्षार्थ्याला स्वतंत्र प्लेअर आणि इअरफोन मिळतो, असे वाचले तेव्हा हेवा वाटला. तेवढे शक्य नसले, तरी चाचणीआधी ध्वनिमुद्रण लावून शेवटच्या बाकावर एकदा बसून पाहावे, आणि कमी ऐकू येणाऱ्यांनी हात वर करण्याची वाट न पाहता त्यांना आधीच एकेकट्याने विचारावे. वर्गासमोर कोणी हात वर करत नाही.

कानोसा:

हे फार आवश्यक होते. मी लिहायला विसरलो होतो. मातृभाषेचा प्रश्न राहिला आहे, त्याबद्दल थोडक्यात लिहितो. भाषा-चाचण्यांच्या अभ्यासक एलाना शोहामी यांनी १९८४ मध्ये दाखवून दिले की वाचलेला मजकूर तोच असला तरी प्रश्न मातृभाषेत विचारल्यावर गुण वाढतात, आणि त्याचा फायदा कमी पातळीच्या विद्यार्थ्यांना अधिक होतो. याचा अर्थ मातृभाषा ही सवलत आहे असा काढता येतो, तसाच इंग्रजीतला प्रश्न हा जादा अडथळा आहे असाही काढता येतो. मी दुसरा अर्थ घेतो. मुलाला कळले काय हे पाहायचे असेल, तर लघुत्तरे मातृभाषेत लिहू द्यावीत. इंग्रजी लिहिता येते का, हे पाहायला लेखनाची प्रश्नपत्रिका आहेच. बहुपर्यायी प्रश्न मात्र इंग्रजीतच, पण उताऱ्यापेक्षा सोप्या इंग्रजीत असावेत.

तिसरापर्याय:

येथे मी असहमत आहे. मातृभाषेतल्या प्रश्नाच्या शब्दांतच अनेकदा उताऱ्याचा अर्थ फुटतो. ‘रखवालदाराला धुक्याची धास्ती का वाटे?’ असे मराठीत विचारले, की ‘फॉग’ शब्द ज्याला माहीत नव्हता त्यालाही तो कळला. उत्तरे मातृभाषेत चालतील, प्रश्न नकोत.

खडूफळा:

सर्वांचे आभार. तो विचित्र प्रश्न पुन्हा पाहिला. त्याचे दोन पर्याय खरोखरच बरोबर ठरतात. मजकूर पूर्ण समजलेल्या मुलांनी दुसरा निवडला होता आणि मी त्यांचे गुण कापले होते. ते आज परत दिले. वाचनाचे प्रश्न घरातल्या दोघांना उताऱ्याविना सोडवायला दिले, तर त्यांना दहापैकी सहा आणि सात मिळाले. म्हणजे ज्या भागावर मी समाधानी होते तोच अधिक कच्चा निघाला. पुढच्या चाचणीत वर्गाचे दोन गट करून ऐकणे-वाचणे उलटसुलट करून पाहणार आहे, आणि ध्वनिमुद्रण शेवटच्या बाकावर बसून तपासणार आहे.

एकच शंका उरली. श्रवणाच्या तक्त्यात मुलांनी शब्द बरोबर ऐकला, पण स्पेलिंग चुकले, तर गुण द्यावेत का?

कानोसा:

आयईएल्टीएसमध्ये स्पेलिंग चुकले की उत्तर चुकले. मी वर्गात तसे करत नाही. लिहिलेले मोठ्याने वाचल्यावर तोच शब्द ऐकू आला, तर पूर्ण गुण देतो. दुसराच शब्द होत असेल, तर शून्य. ‘Wednesday’ ऐवजी कानाला ऐकू येते तसे ‘Wensday’ लिहिणाऱ्या मुलाचा कान शाबूत आहे. फक्त हा नियम परीक्षेआधी वर्गात सांगा. नाहीतर स्पेलिंग आठवत बसलेल्या मुलाचा पुढचा शब्द हुकतो.